मिस रुकिया: जिचा एकही चित्रपट मी पाहिलेला नाही

ओसरी

नमस्कार मंडळी. इथे जुन्या नटनट्यांवर बरेच धागे निघतात, पण सगळे फिरून पुणे, मुंबई, कोल्हापूर आणि फार तर कलकत्त्यापर्यंत. आज जरा लांब नेतो.

कामानिमित्त दोन वर्षं जकार्तात होतो, जातिनगारा स्टेशनच्या बाजूला. घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात सकाळपासून रेडिओ चालू असायचा. एकदा ‘पाताह हाती’ लागलं. साठच्या दशकातलं प्रेमभंगाचं गाणं, गायक रहमत कार्तोलो. बाई मिरच्या वाटता वाटता म्हणाल्या, ‘ह्याची आई ह्याच्यापेक्षा मोठी. इथेच पुरलंय तिला, कोबेर हुलूला.’ मी विचारलं कोण आई? बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी दादरला राहून लता कोण विचारलं.

तर ती आई म्हणजे रोएकिया. जाहिरातींवर ‘मिस रोएकिया’ छापत, लग्न होऊन मुलं झाल्यावरसुद्धा.

जन्म ३१ डिसेंबर १९१७, बांडुंगचा. वडील मोहम्मद अली हे बेलितुंग बेटावरचे, आई मिस निंगसिह चियांजूरकडची, सुंदानी, म्हणजे पश्चिम जावातल्या सुंदा लोकांतली. दोघंही ‘पुसी इंद्र बांगसावान’ नावाच्या फिरत्या नाटक कंपनीत. (इंद्र आपलाच दिसतोय, बाकीच्या दोन शब्दांचा पत्ता मला लागला नाही.) म्हणजे पोरीचं बालपण कंपनीच्या बिऱ्हाडात: आज या गावात मांडव, आठ दिवसांनी पुढच्या. अभिनयाची शाळा वगैरे काही नाही, विंगेत उभं राहून जे कानावर पडेल तेच शिक्षण. तिनं रंगमंचावर जाऊ नये असंच घरच्यांना वाटत होतं. नटाच्या घरात हे नेहमीचं आहे, स्वतः आयुष्य त्यात घातलेलं असतं म्हणून. पण पोरीनं गिटार हातात घेतली ती घेतलीच.

तिचं खरं भांडवल आवाज. क्रोंचोंग गायची. गिटार, उकुलेलेसारखी छोटी वाद्यं, व्हायोलिन, बासरी आणि वरून संथ, लांबवलेला गळा, असा तो प्रकार. १९३२ च्या सुमारास ती बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, पॅलेस्टिना ऑपेरा या कंपनीत नाव कमावून होती. वय पंधराच्या आसपास. तिथेच कार्तोलो भेटला. पियानो वाजवायचा, नट होता, विनोदी कामं करायचा. १९३४ मध्ये लग्न. दोघं मिळून फारोका नावाच्या कंपनीबरोबर सिंगापूरला गेले आणि १९३६ मध्ये परत आले.

आता सिनेमा. डच ईस्ट इंडीजमध्ये, म्हणजे आजच्या इंडोनेशियात, तेव्हा चित्रपटधंदा म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार. आल्बर्ट बालिंक नावाच्या पत्रकारानं १९३६ मध्ये ‘पारेह’ काढला. कलात्मक, देखणा, खर्चिक, आणि सपशेल आपटला. डच विद्वानांना आवडला, तिकीट काढणाऱ्यांना नाही. पुढच्या वर्षी बालिंकनं धडा घेतला आणि रंगभूमीवरची माणसं घेऊन ‘तेरांग बुलान’ काढला. अर्थ: चांदणी रात्र. कथा सारुन या पत्रकाराची, कॅमेऱ्यामागे चिनी वंशाचे वाँग बंधू. नायक रादेन मोख्तार, नायिका आपली रोएकिया, कार्तोलोलाही एक काम.

कथा ऐका. सावोबा नावाचं बेट. रोहाया आणि कासिम यांचं प्रेम. बापानं तिचं लग्न मुसाशी ठरवलेलं. दोघं मलाक्काला पळून जातात, संसार मांडतात. मुसा अफूचा व्यापारी असतो, तो मागावर येतो, शेवटी बेटावर मारामारी आणि शुभमंगल. आणि सावोबा हे बेट नकाशावर शोधू नका. सारुन, वाँग, बालिंक या तीन नावांची पहिली अक्षरं जोडून केलेलं ते बेट आहे. :)

चित्रपट ८ डिसेंबर १९३७ ला बटाव्हियाच्या रेक्स थिएटरात लागला आणि काय विचारता. मलायात तर दोन महिन्यांत दोन लाख स्ट्रेट्स डॉलर (तिथलं तेव्हाचं चलन) कमावल्याचं सांगतात. पण बालिंकच्या कंपनीच्या डच भागधारकांना गाण्याबजावण्याचे चित्रपट नकोच होते, माहितीपट हवे होते. सोन्याची कोंबडी दारात बसली असताना त्यांनी कथाचित्रपट बंद केले आणि बालिंक अमेरिकेला निघून गेला. कलावंतांनी मग चित्रपटाच्याच नावानं नाटक मंडळी काढून सिंगापूरची वाट धरली.

तिथून परतल्यावर तान बंधूंच्या ‘तान्स फिल्म’नं या लोकांना उचललं. १९३८ चा ‘फातिमा’: खर्च सात हजार गिल्डर (डच चलन), उत्पन्न दोन लाख. रोएकियाला महिना १५० गिल्डर, कार्तोलोला ५०. त्या पैशातून त्यांनी बटाव्हियात घर घेतलं.

मग रांगच लागली. १९३९ मध्ये ‘गागाक इतम’, १९४० मध्ये ‘सिती अकबारी’, ‘सोर्गा का तुजुह’ आणि ‘रुकिहाती’, १९४१ मध्ये ‘कुडा सेंब्रानी’ आणि ‘पुसाका तर्पेंडाम’. मोख्तार पगाराच्या वादातून सोडून गेला तेव्हा तिच्यासमोर जुमाला नावाचा नवा नायक उभा केला, जो शिंपीकाम करत होता. उंच, देखणा, गाणारा. चालला!

मार्च १९४२ मध्ये जपानी आले. स्टुडिओ बंद. नट मंडळी पुन्हा रंगमंचावर, कारण दुसरं काय येत होतं? १९४४ मध्ये एक जपानी प्रचारपट, ‘के सेबेरांग’. १९४५ च्या सुरुवातीला तिचा गर्भपात झाला, प्रकृती ढासळली, आणि त्या अवस्थेत तिला सुराबायाच्या दौऱ्यावर जावं लागलं. नाही म्हणायची सोय नव्हती. परत आली ती अंथरुणालाच खिळली. २ सप्टेंबर १९४५ ला गेली. वय २७. पाठीमागे पाच मुलं. रहमत सात वर्षांचा. कार्तोलोनं नंतर सिनेमाकडे पाहिलं नाही, जानेवारी १९४९ मध्ये तोही गेला.

‘तेरांग बुलान’ची एकही प्रत आज नाही. मी तिचे फोटो पाहिलेत, जाहिराती पाहिल्यात, कथा वाचल्यात. तिला चालताना मात्र कधीच पाहिलेलं नाही. तरी सहा महिने झाले, डोक्यातून जात नाही.

---

सांजवात

सुरेख लिहिलंय. सात वर्षांचा मुलगा हे वाचून थांबले. मोठा होऊन त्यानं प्रेमभंगाची गाणी म्हणावीत आणि ती त्याच्या आईच्या कबरीजवळच्या स्वयंपाकघरात वाजावीत...

---

भोचक

लेख छान, पण उगाच उदात्तीकरण नको. तुम्ही सांगितलेली कथा १९३६ च्या ‘द जंगल प्रिन्सेस’ या डोरोथी लमूरच्या हॉलिवूडपटाला बघून बेतलेली आहे. बेट, सारोंग, चांदणं, गाणं. आणि ‘गागाक इतम’ म्हणजे काळा कावळा, मुखवटावाला नायक, म्हणजे सरळ झोरो. ‘सोर्गा का तुजुह’ म्हणजे सातवा स्वर्ग, त्याही नावाचा हॉलिवूडपट आधीच येऊन गेलेला. नकला करणाऱ्या चित्रपटातल्या नटीवर एवढं हळवं व्हायचं कारण कळलं नाही.

---

ओसरी

@भोचक, लमूरचं बरोबर आहे, ते मी लिहायला हवं होतं. पण मग एक सांगा. त्याच सुमारास अमेरिकन चित्रपट स्वतःच बटाव्हियात लागत होते. लमूर खुद्द पडद्यावर असताना लोक नकलेला का गेले? आणि ‘पारेह’ला, जो कुणाची नक्कल नव्हता, का गेले नाहीत?

माझं उत्तर: लोक कथेला गेलेच नाहीत. मलय बोलणाऱ्या, क्रोंचोंग गाणाऱ्या, आपल्या गावच्या मांडवात पाहिलेल्या बाईला बघायला गेले. नाटक कंपन्यांनी चाळीसेक वर्षं खपून जो प्रेक्षक तयार केला होता तो बालिंकला आयता मिळाला. हुशारी एवढीच की त्यानं तो ओळखला. ‘तेरांग बुलान’नंतर सगळ्याच निर्मात्यांना ते कळलं आणि रंगभूमीवरून भरती सुरू झाली. फिफी यंग, तान चेंग बोक, दोघंही नाटकातून आलेले.

हो, आणि नायकाचा आवाज? मोख्तारला गाता येत नव्हतं. त्याच्यासाठी इस्माइल मार्झुकी गायले, जे पुढे इंडोनेशियाचे फार मोठे संगीतकार झाले. रोएकियाला असल्या उसन्या गळ्याची गरज नव्हती.

---

पडद्यामागे

ओसरी, तुम्ही एक मोठा दागिना कंसात टाकून पुढे गेलात. ‘पुसी इंद्र बांगसावान’!

जरा मागे जातो. १८७० च्या दशकात पारशी नाटक मंडळ्या मुंबईकडून बोटीनं पेनांगला जाऊ लागल्या. उर्दू-हिंदुस्थानी नाटकं, रंगवलेले पडदे, झगमगीत कपडे, पेटी-तबला. तिथल्या लोकांना भाषेचा गंध नाही, पण इंद्राचा दरबार आणि पऱ्या आवडल्या. त्याला ते ‘वायांग पार्सी’ म्हणू लागले. अशाच एका कंपनीचं सामानसुमान पेनांगच्या एका हिंदी वंशाच्या माणसानं विकत घेतलं आणि १८८५ च्या सुमारास मलय भाषेत खेळ सुरू केले. त्या माणसाचं नाव मामाक पुशी. कंपनीचं नाव पुशी इंद्र बांगसावान. ही मंडळी बटाव्हियापर्यंत खेळ करत गेली. डच स्पेलिंगमध्ये पुशीचं ‘पुसी’ झालं. तुमच्या नटीचे आईबाप ज्या नावाखाली काम करत होते ते हे नाव.

‘मामाक’ हा तिकडे तमिळ मुसलमानांसाठी रूढ शब्द, मूळ आपला मामाच. आणि ‘बांगसावान’ म्हणजे कुलीन, उमराव. संस्कृत ‘वंश’चं मलयमध्ये ‘बांगसा’ झालं, त्याला ‘वान’ जोडला. म्हणजे अक्षरशः वंशवान!

जावात याचाच चुलतभाऊ १८९१ मध्ये सुराबायाला उभा राहिला: कोमेडी स्तांबुल. ऑगस्ट माहियू हा मिश्रवंशाचा तरुण त्याचा म्होरक्या, भांडवल चिनी व्यापाऱ्याचं, नाटकं अरबी सुरस कथांची, आणि नाव इस्तंबूलवरून. रोएकियाच्या ‘कुडा सेंब्रानी’त पंखवाला घोडा उडतो ना, तो हॉलिवूडमधून नाही आला. तो या स्तांबुलच्या मांडवातून आला. @भोचक, नक्कल म्हणायची तर आधी मुंबईच्या पारशांची म्हणा.

---

भोचक

वंशवान! हे आवडलं. घोड्यापुरता शब्द मागे. झोरोवर मात्र ठाम आहे.

---

चिंचेचं बन

@पडद्यामागे, याच मुंबईच्या पारशी नाटकांचा आपल्या संगीत नाटकावरही परिणाम झाला, पडद्यांवर, नेपथ्यावर. मग एक फरक कसा काय पडला? आपल्याकडे बालगंधर्व शालू नेसून उभे राहत होते, कुलीन बायकांनी रंगमंचावर यायचं म्हणजे काय अशी चर्चा चालू होती. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्नाबाई उभ्या राहिल्या तर ती घटना ठरली. आणि तिकडे त्याच वर्षी ही पंधरा वर्षांची मुलगी कंपनीची मुख्य गायिका-नटी, तिची आईसुद्धा नटी.

---

पडद्यामागे

स्तांबुलमध्ये सुरुवातीपासून बायका होत्या. त्यांच्याबद्दल वर्तमानपत्रं वाट्टेल ते छापत, पण होत्या. १९२५ पासून तर ‘मिस रिबुत’ नावाच्या बाईंच्या नावानंच कंपनी निघाली, ओरियन. त्या तलवार चालवायच्या. आणि ‘मिस’ हे नावापुढचं बिरुद तिथूनच रूढ झालं. कुमारी असण्याशी त्याचा संबंध नाही, आपल्याकडच्या ‘मिस गोहर’सारखंच.

आणि कुलीनतेचा प्रश्न तिकडे सुटला होता असं समजू नका. ओसरींनी लिहिलंय ना, घरच्यांचा विरोध होता. नटाच्याच घरच्यांचा.

---

हिशेबनीस

मी आपला आकड्यांचा माणूस. बायकोला १५०, नवऱ्याला ५०. १९३८ साली. आमच्या सोसायटीत अजून हे सांगायची सोय नाही.

पण दुसरा हिशेब बघा. ‘फातिमा’नं दोन लाख मिळवले. ती महिन्याला १५०, म्हणजे वर्षाला १,८००. एका चित्रपटाच्या उत्पन्नाच्या एक टक्क्यापेक्षाही कमी. मोख्तार पगारावरून भांडून गेला ते बरोबरच केलं. ती नाही गेली.

---

ओसरी

@हिशेबनीस, हे गणित मी मांडलंच नव्हतं. ती का गेली नाही याचा अंदाज करता येतो. मोख्तार एकटा होता. ती गेली असती तर कार्तोलोचे ५० पण गेले असते. आणि घरात पोरं. शिवाय दोघांचं कामच एकमेकांत गुंतलेलं. ती नायिका, तो विदूषक, कधी गाण्यांची बाजूही तोच सांभाळणार. नाटक कंपनीतल्या जोडप्याची सवय असते ही, बिऱ्हाड एकत्र हलवायचं.

मोख्तार गेला तेव्हा खरा धोका तान्स फिल्मला होता. पडद्यावरची ती जोडी लोकांच्या मनात इतकी पक्की बसली होती. तरी जुमालाबरोबरचा पहिलाच ‘सोर्गा का तुजुह’ चालला. मला त्यातून एवढंच दिसतं की लोक जोडीला येत नव्हते, तिला येत होते. पगारपत्रकात ते कधी दिसलं नाही.

---

मडगांवकार

गोंयचो हांव, मराठीत लिहितो. क्रोंचोंगबद्दल दोन ओळी राहिल्या म्हणून आलो.

हे संगीत ज्या गावातून वाढलं असं मानतात ते तुगू, जकार्ताच्या उत्तरेला. १६६१ मध्ये डचांनी तिथं काही कुटुंबं वसवली. ती पोर्तुगीज बोलणारी, पोर्तुगीजांच्या आशियातल्या वसाहतींमधून पकडून आणलेले गुलाम आणि त्यांची मुलं, धर्म बदलल्यावर मुक्त केलेली. मलबार, कोरोमंडल, बंगाल, मलाक्का, सगळीकडची. त्यांच्याबरोबर पोर्तुगीज छोटी गिटार गेली, ‘क्रोंच-क्रोंच’ वाजते म्हणून म्हणे नाव पडलं क्रोंचोंग. आमचा मांडो आणि त्यांचं क्रोंचोंग सख्खी भावंडं नाहीत, पण तुगूचं जुनं क्रोंचोंग ऐकलं की मला आजीच्या घरची दिवेलागण आठवते. तीच रेंगाळण्याची चाल.

या लोकांना डच ‘मार्डायकर’ म्हणत. मूळ शब्द संस्कृत ‘महर्द्धिक’, मोठ्या ऋद्धीचा. तोच मलयमध्ये ‘मेर्देका’, म्हणजे मुक्त.

---

सांजवात

मेर्देका! तोच शब्द १७ ऑगस्ट १९४५ ला घोषणेत होता. सुकार्नो-हट्टांनी स्वातंत्र्य जाहीर केलं आणि सोळा दिवसांनी ही गेली. शिवाय २ सप्टेंबर ही तारीख परत बघा. त्याच दिवशी टोकियोच्या उपसागरात ‘मिझुरी’ युद्धनौकेवर जपाननं शरणागतीवर सही केली. ज्यांनी आजारी बाईला सुराबायाला पाठवलं त्यांच्या राज्याचा शेवटचा दिवस तिचाही शेवटचा ठरला.

---

ओसरी

@सांजवात, तारखा माझ्याही समोर होत्या, पण शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

तिच्या अंत्ययात्रेला की हजर देवांतारा आले होते. दोन आठवड्यांच्या प्रजासत्ताकाचे शिक्षणमंत्री. ज्यांनी ‘तामान सिस्वा’ शाळा काढल्या ते. रस्त्यांवर जपानी सैनिक अजून बंदुका घेऊन उभे, डच परत येणार की काय याची धास्ती, आणि मंत्री एका सिनेनटीच्या दफनाला. घरमालकीणबाई हे सांगताना मिरच्या वाटायच्या थांबल्या होत्या.

---

उडपीबंद

अवांतराबद्दल क्षमस्व. जातिनगारात शाकाहारी जेवण मिळतं का? पुढच्या महिन्यात जायचंय.

---

ओसरी

@उडपीबंद, गाडोगाडो खा, भाज्यांवर शेंगदाण्याची चटणी. चटणीत कोळंबीची पेस्ट असते कधी कधी, ‘तान्पा तेरासी’ म्हणा. तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, कुठेही मिळतं.

---

भोचक

अवांतर संपलं असेल तर एक खरा प्रश्न. तीसेक वर्षांत अख्खा चित्रपट नाहीसा कसा होतो? तिचा मुलगा साठच्या दशकात रेडिओवर आहे आणि आईचा गाजलेला चित्रपट गायब?

---

पडद्यामागे

@भोचक, आपल्याकडच्या मूकपटांचं काय झालं? तेराशेच्या वर निघाले, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. त्या काळची फिल्म नायट्रेटची. उन्हात ठेवली तरी पेट घेईल अशी, दमट हवेत चिकट होऊन कुजणारी. त्यात जावाची हवा, मग युद्ध, मग चार वर्षं स्वातंत्र्याची लढाई. इंडोनेशियात चित्रपट जपायची संस्था, सिनेमातेक, १९७५ मध्ये उभी राहिली. मिस्बाख युसा बिरान या दिग्दर्शकानं खटपट करून काढली. तोवर ‘तेरांग बुलान’ला अडतीस वर्षं झाली होती. मिस्बाखनी मग जुने कलावंत जिवंत होते तोवर त्यांना विचारून इतिहास लिहिला. रोएकिया त्यात स्वतःबद्दल काही सांगायला नव्हती, तिच्याबद्दल इतरांनी सांगितलं.

---

चिंचेचं बन

म्हणूनच ओसरींचं ‘तिला चालताना पाहिलं नाही’ हे वाक्य मला रुतलं. नाटकातल्या नटीबद्दल आपण हे धरूनच चालतो, की ती गेली की तिचं काम गेलं. सिनेमातल्या नटीबद्दल धरून चालत नाही. हिच्या बाबतीत सिनेमाही नाटकासारखाच निघाला.

---

मडगांवकार

ओसरी, एक दुरुस्ती सुचवू? तुम्ही सगळीकडे ‘रोएकिया’ लिहिलंय. डच स्पेलिंगमध्ये ‘ओ’ आणि ‘ई’ शेजारी आले की उच्चार ‘उ’. १९४७ मध्ये इंडोनेशियानं ते बदलून सरळ ‘यू’ केलं. म्हणून सोएकार्नो नव्हे, सुकार्नो. बाईंचं नाव रुकिया. अरबीतलं रुकय्या, आपल्याकडे कोकणातल्या मुसलमान घरांत असतं तेच.

तुम्ही स्वतःच ‘बुलान’, ‘सारुन’ बरोबर लिहिलंय, हिच्याच नावात गडबड केलीय.

---

ओसरी

@मडगांवकार, खरंय. पहिल्यांदा नाव कागदावर पाहिलं ते जुन्या जाहिरातीवर, ते तसंच डोक्यात बसलं. आता आठवतंय, बाईंनी ‘रुकिया’च म्हटलं होतं. मला वाटलं त्या भरभर बोलतात.

पुढचा भाग देवी जा यांच्यावर लिहीन म्हणतो. दार्दानेला कंपनीतली नटी-नर्तकी, हिंदुस्थानचा दौरा करून युरोपात गेली, तिथून अमेरिकेत जाऊन कायमची राहिली. त्या दौऱ्याच्या वेळी त्यांचं एक नाटक कलकत्त्यात चित्रित करायचं घाटत होतं, ते फिसकटलं.

संपादक मंडळ, लेखात वेळ लागेल, पण निदान शीर्षकातलं नाव तेवढं बदलून द्याल का?

---

संपादक

बदललं आहे.